उसना सोबती

रस्ता ओलांडताना अचानक गाडी अंगावर येते. छाती धडधडते, हातपाय क्षणात सज्ज होतात. ही करामत रक्तात उतरलेल्या ॲड्रेनालिनची. पण हा निरोप पेशीच्या आत पोचतो कसा? पेशीच्या पटलात बसलेली ग्राही प्रथिने तो झेलतात आणि आत कळवतात. दम्याचा फवारा घेतल्यावर श्वास मोकळा होतो, तोही ‘बीटा-२’ नावाच्या अशाच एका ग्राहीमुळे.

या ग्राहीचा जनुक १९८६ साली अमेरिकेत रॉबर्ट लेफ्कोवित्झ, ब्रायन कोबिल्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती लागला. त्याचा आकार दिसायला मात्र आणखी एकवीस वर्षे जावी लागली.

आकार पाहायचा तर प्रथिनाचे स्फटिक हवेत. कोट्यवधी रेणू कवायतीतल्या मुलांसारखे शिस्तीत उभे राहिले, तरच क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांची ठेवण उलगडते. बीटा-२ काही केल्या रांगेत उभे राहीना. त्याचा बराचसा भाग स्निग्ध पटलात बुडालेला, त्यामुळे शेजाऱ्याचा हात धरायला जागा थोडी. त्यातच आतल्या बाजूचे एक सैल वेटोळे सारखे हलणारे.

अशा हट्टी प्रथिनाला दुसरे शिस्तीचे प्रथिन जोडून द्यावे, ही कल्पना जुनी होती. १९९४ साली एका जिवाणूच्या लॅक्टोज वाहून नेणाऱ्या प्रथिनाला लाल रंगाचे सायटोक्रोम जोडून पाहिले गेले. पण त्या प्रथिनाची रचना अखेर २००३ मध्ये वेगळ्याच वाटेने मिळाली.

कोबिल्का यांच्या स्टॅनफर्डमधील गटाने सोबती निवडला तो जिवाणूंवर जगणाऱ्या टी-४ विषाणूचा लायसोझाइम. १६४ अमिनो आम्लांचे हे आटोपशीर प्रथिन सहज स्फटिक होते, शिवाय त्याची दोन्ही टोके जवळजवळ असतात. सैल वेटोळे कापून त्या जागी ते बसवले. रेमंड स्टीव्हन्स यांच्या गटाच्या साथीने लोण्यासारख्या घट्ट स्निग्ध माध्यमात स्फटिक वाढवले आणि २००७ साली रचना प्रसिद्ध झाली.

पण मंडळी, खरा प्रश्न इथेच उभा राहतो. परका अवयव जोडून काढलेले चित्र मूळ प्रथिनाचे म्हणायचे का? संशोधकांनी तो टाळला नाही. जोडप्रथिन औषधांना पूर्वीसारखेच धरते का, हे त्यांनी तपासले. त्याच वर्षी लायसोझाइमऐवजी प्रतिपिंडाचा तुकडा लावूनही रचना काढली. तिच्यात जेवढे दिसले तेवढे बहुतांशी जुळले.

तरी एक उणीव होतीच. निरोप पुढे नेणारे जी-प्रथिन जिथे येऊन बिलगते, नेमकी तीच जागा लायसोझाइमने अडवली होती. म्हणून पुढे त्याला ग्राहीच्या बाहेरच्या टोकाशी हलवले आणि २०११ साली ग्राही व जी-प्रथिन ही जोडी प्रत्यक्ष बिलगलेल्या अवस्थेत दिसली. २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल लेफ्कोवित्झ आणि कोबिल्का यांना मिळाले.

आज अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीमुळे अनेकदा स्फटिकांवाचूनही काम भागते. पण औषध ग्राहीच्या नेमक्या कोणत्या खाचेत बसते, हे प्रथम दिसले ते या उसन्या सोबत्यामुळे. आणि त्या चित्रावर विश्वास बसला तो ते पुन्हा वेगळ्या वाटेने पडताळून पाहिले म्हणून.