व्हीडीआरएल पॉझिटिव्ह, पण गरमी नाही!

आजचा एपिसोड इतिहासाचा, पण सुरुवात माझ्याच रिपोर्टपासून करते.

मला ल्युपस आहे. म्हणजे शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटते. दोन वर्षांपूर्वी मला दिवस राहिले आणि नेहमीच्या तपासण्यांत व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली. ही गरमीची, म्हणजे सिफिलिसची चाचणी. काउंटरवरच्या बाईंनी हळूच विचारलं, "मिस्टर बाहेरगावी असतात का हो?" त्या रात्री आम्ही दोघं जेवलोच नाही. मी नवऱ्याकडे संशयाने बघत होते, तो माझ्याकडे.

आता जाऊया 1906 च्या बर्लिनमध्ये. ऑगस्ट फॉन वासरमन आणि सहकाऱ्यांनी गरमीसाठी रक्तचाचणी काढली. लवकरच लक्षात आलं, की ती रोगाचा जंतू पकडतच नाही! निरोगी अवयवांचा अर्क वापरला तरी ती चालते. 1941 मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून यामागचा स्निग्ध पदार्थ वेगळा केला : कार्डिओलिपिन. व्हीडीआरएल आजही त्यावरच चालते. गरमीत त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, तशाच कधीकधी ल्युपसमध्येही. चाचणीला फरक कळत नाही.

माणसांना मात्र भोगावं लागलं. 1935 मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याने लग्नाआधी ही तपासणी सक्तीची केली, मग इतर राज्यांनीही. चाचणी चुकली तर थेट चारित्र्यावर डाग. 1949 मध्ये प्रत्यक्ष जंतूवर आधारलेली चाचणी आली आणि खरं-खोटं वेगळं करता येऊ लागलं. 1952 मध्ये हॅसरिक आणि लाँग या डॉक्टरांनी पाच पेशंटची नोंद केली : आधी खोटी पॉझिटिव्ह, नंतर ल्युपस. म्हणजे ज्याला बदफैलीपणाचा पुरावा समजत होते, तो आजाराचा आगाऊ इशारा होता.

1983 मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी पुढचा धागा जोडला. याच जातीच्या अँटिबॉडींमुळे रक्ताच्या गुठळ्या होतात, पुन्हा पुन्हा गर्भपात होतात.

माझी टीपीएचए, म्हणजे जंतूची नेमकी चाचणी, निगेटिव्ह आली. त्या दुसऱ्या अँटिबॉडी मात्र सापडल्या. ॲस्पिरिन आणि हेपारिनची इंजेक्शनं सुरू झाली. लेक आता दीड वर्षाची आहे.

तेव्हा दोस्तांनो, ल्युपस असताना व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली, तर भांडू नका, आणि "खोटीच असणार" म्हणून सोडूनही देऊ नका. टीपीएचए करा. या अँटिबॉडी असतील तर इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या टाळायच्या असतात, म्हणून डॉक्टरांना स्वतःहून विचारा. लाजू नका. शंभर वर्षं लाजेनेच घोळ घातलाय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!