लाल विंचू आणि महाडचे डॉक्टर

कोकणातल्या माणसाला विंचवाच्या दोन जाती ओळखता येतात. एक काळी, थोराड इंगळी. ती दिसली की घरभर ओरडा होतो, पण तिचा डंख बहुधा दुखण्यावर निभावतो. दुसरा लाल विंचू. जेमतेम दोन-तीन इंचांचा. लाकडाच्या मोळीत, पेंढ्यात, गडग्याच्या दगडांत दडलेला. घात करतो तो हा.

माझं बालपण श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघीत गेलं. राजपुरी खाडीच्या काठावरचं गाव, पलीकडे आगरदांडा, पाण्यात जंजिरा. विंचू चावला की पहिली धाव विंचू उतरवणाऱ्याकडे. मोठा माणूस रात्रभर विव्हळायचा आणि सकाळी उठून बसायचा, की झालं मंत्राचं नाव! लहान मुलाचं तसं नसे. विष तेवढंच, पण अंग केवढंसं! आधी उलटी, मग दरदरून घाम, हातपाय गार, आणि पुढे धाप लागून तोंडाला गुलाबी फेस. नाथांच्या विंचवावरच्या भारुडाला आपण मनमुराद दाद देतो. ज्या घरातलं मूल असं गेलं, त्या घरात ते कसं ऐकलं जात असेल, हे मला नेहमी वाटत आलं आहे.

मंत्र उतरवणाऱ्यालाच कशाला हसायचं? दवाखान्यात तरी काय होतं? ॲलर्जीचं इंजेक्शन, स्टेरॉईड, आणि पुढच्या मोठ्या इस्पितळाची वाट. या विंचवाच्या दंशानंतर फुफ्फुसांत पाणी भरतं, हे 1961 मध्ये डॉ. मुंडले यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं. पण ते का भरतं आणि खेड्यातल्या डॉक्टरने त्यावर काय करायचं, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याची उकल आपल्याच रायगड जिल्ह्यात झाली. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, 1951 चा जन्म, गरिबीतून शिकलेले. 'बॅरिस्टरचं कार्टं' या त्यांच्या आत्मचरित्रात ते सगळं आलं आहे. नागपूरला डॉक्टर होऊन 1976 मध्ये ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. बालरोगतज्ज्ञ ते नव्हेत, फिजिशियन आहेत. पण कोकणातल्या किती मुलांचा जीव त्यांच्या कामामुळे वाचला, हे पाहिलं तर बालवैद्यकाच्या इतिहासात त्यांना जागा द्यावीच लागेल.

त्यांनी काय केलं? ते रुग्णाच्या खाटेपाशी बसले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची ऊब, सगळं पुन्हा पुन्हा पाहून लिहीत गेले. ऐकायला सोपं वाटतं. बाहेर रांग लागलेल्या खेड्यातल्या दवाखान्यात ते किती अवघड असतं, हे तिथे काम केलेल्यांना विचारा. त्या नोंदींतून उलटी, घाम आणि गार पडलेले हातपाय ही पुढच्या संकटाची आधीची खूण आहे, हे ठरलं. 1982 मध्ये ते निरीक्षण लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

कारणही हळूहळू स्पष्ट झालं. विषामुळे शरीरातल्या नसा एकाच वेळी खवळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि फुफ्फुसांत पाणी साचतं. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध का देऊ नये? रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची गोळी त्यांनी वापरून पाहिली. 1986 मध्ये हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी, दोघांच्या नावाने तो लेखही 'लॅन्सेट'मध्ये आला. प्रमोदिनीबाईंचं नाव अशा वेळी मागे राहतं, ते राहू नये.

ही गोळी तोंडाने द्यायची, स्वस्त, आणि महागड्या यंत्रांवाचून देता येणारी. मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा, दर तीन तासांनी पुन्हा, हातपाय गरम होईपर्यंत. एक पथ्य मात्र महत्त्वाचं. रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून मुलाला आडवंच ठेवायचं. घाबरलेली आई लेकराला उचलून खांद्याशी धरते, नेमकं तेच टाळायचं. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांत तीस-चाळीस दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एकाच्या आसपास आल्याचं बावस्करांनी नोंदवलं आहे.

दरम्यान मुंबईच्या हाफकिनने लाल विंचवावरची प्रतिलस आणली होती. चिपळूणच्या डॉ. नातूंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावरचा आपला अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध केला. बावस्कर दांपत्याने मग महाडमध्ये 70 रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली. निम्म्यांना फक्त गोळी, निम्म्यांना गोळी आणि लस. 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आले. नुसत्या गोळीवर बरं व्हायला सरासरी 17.7 तास लागले, दोन्ही दिल्यावर 10. स्वतःचं नाव ज्या गोळीने झालं, तिच्यापेक्षा गोळी अधिक लस हा उपाय सरस आहे, हे त्यांनी स्वतःच सिद्ध करून छापलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला विचाराल तर त्या पदकापेक्षा ही चाचणी मोठी.

दिघीहून महाड म्हणजे म्हसळा, माणगाव करत बराच पल्ला. म्हणून या कामाची खरी किंमत अशी, की मुलाला घेऊन महाड गाठायची गरजच उरली नाही. वेळेवर पहिली गोळी जवळच्या डॉक्टरकडेच देता येऊ लागली.