हिरवेपण सोडलेली झाडे : प्रस्तावना

आंबिवलीत राहणाऱ्याला जंगल फार लांब नाही. कसारा लोकलने आसनगावला उतरले की माहुलीचा पायथा रिक्षाच्या अंतरावर. पण हिरवेपण सोडलेल्या झाडांच्या अभ्यासाची पहिली ओळख घराच्या मागेही होते. पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर, शेणखताच्या ढिगावर करड्या छत्र्या उगवतात आणि काही तासांत काळ्या शाईसारख्या विरघळून जातात. भूछत्र म्हणून आपण पाय चुकवतो. त्यांच्याच गोतातल्या बुरशीवर पश्चिम घाटातली एक आमरी पोसली जाते : एपिपोजियम रोझियम. तिला हरितद्रव्य नाही, हिरवे पान नाही. जमिनीतून फिकट फुलांचा दांडा तेवढा वर येतो.

आमच्या पिढीने अशा वनस्पतींना ‘मृतोपजीवी’ म्हणून पाठ केले. शब्द फसवा आहे. पालापाचोळा कुजवून खाणे फुलझाडाला जमत नाही, ते काम बुरशीचे. तिचे तंतू मुळात शिरतात आणि तिथे झाड त्यांच्याकडून अन्न काढून घेते. बुरशी आणि मूळ यांच्या या जोडीला १८८५ साली आल्बर्ट फ्रांक यांनी ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. आपण कवकमूळ म्हणू.

मग बुरशीला अन्न कोण देते? एपिपोजियमच्या बाबतीत कुजणारे लाकूड. मोनोट्रोपा या दुसऱ्या बिनहिरव्या वनस्पतीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. एरिक ब्योर्कमन यांनी किरणोत्सारी कार्बन असलेली साखर सूचिपर्णी झाडांत टोचली आणि ती शेजारच्या मोनोट्रोपात सापडली. हा १९६० सालचा शोधनिबंध सावकाश वाचावा, घाई करू नये. बांडगूळ यजमानाच्या फांदीतच मूळ रोवते, टारफुला ज्वारीच्या मुळाला चिकटतो, म्हणजे दोघांची उचल थेट. मोनोट्रोपाची उचल मात्र बुरशी या मध्यस्थामार्फत. सह्याद्रीच्या गवतात दिसणारी बिनपानांची गुलाबी एजिनेशिया नवख्याला हमखास चकवते. ती गवताच्या मुळातून थेट रस ओढते, म्हणून या पुस्तकात नाही.

आमरीचे बी धुळीसारखे बारीक, शिदोरी जवळपास शून्य. बुरशी भेटल्याखेरीज ते निसर्गात वाढत नाही, हे नोएल बेर्नार यांनी १८९९ साली ओळखले. आंब्यावर लोंबणाऱ्या सीतेची वेणी या हिरव्यागार आमरीचेही बालपण बुरशीच्याच ताटात जाते. पहिले प्रकरण म्हणूनच तिच्यावर आहे.