एकटीची साक्ष आणि वरचं न्यायालय

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणाबद्दल बोललो. दुसऱ्याच्या सांगण्याला ज्ञान कधी म्हणायचं, हा वाद नैयायिकांनी पुष्कळ घातला. आप्त कोण, तर ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगतो. आज तोच प्रश्न आपण कोर्टात नेऊ. अत्याचार करणारे दोघे-तिघे असतात, सांगणारी एकटी असते. तिचं सांगणं कशाने तोलायचं?

आपल्याकडे फार दिवस एक विचित्र रीत होती. गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीला जसा आधार मागायचा, तसा पीडितेच्या साक्षीलाही मागायचा. म्हणजे जिच्यावर अन्याय झाला, ती साथीदाराच्या रांगेत! सर्वोच्च न्यायालयाने 1951 साली, रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या निकालात, असा आधार हवाच असा कायदा नाही, ती फक्त सावधगिरी आहे, असं सांगितलं. पण सावधगिरीची सवय मोडायला वेळ लागतो.

किती वेळ, ते आपल्याच महाराष्ट्रात दिसलं. 1972चं देसाईगंज पोलीस ठाण्यातलं प्रकरण. त्या मुलीचं नाव खटल्याला कायमचं चिकटलं, आम्ही ते इथे घेणार नाही. आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, कारण भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हा भेद त्यांना दिसला. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. त्यावर 1979 साली चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर. पुढे 1983ला कायदा बदलला. कोठडीतल्या आणि सामूहिक अत्याचारात संबंध सिद्ध झाला आणि ‘संमती नव्हती’ असं तिने न्यायालयात सांगितलं, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं, उलट सिद्ध करायचं ते आरोपीने.

आता ज्या निकालासाठी आम्ही हे सगळं मांडलं तो, पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग, 1996. घटना मार्च 1984ची. सोळा वर्षांखालची, मॅट्रिकची परीक्षा देणारी मुलगी. तिघांनी गाडीत घालून पळवली, ट्यूबवेलच्या खोलीत रात्रभर ठेवली, सकाळी परीक्षा केंद्राजवळ आणून सोडली. तिने पेपर दिला, मग घरी जाऊन आईला सांगितलं. वडील आधी सरपंचाकडे गेले, पंचायत बसली, काही निष्पन्न झालं नाही, तेव्हा पोलिसांकडे.

खालच्या न्यायालयाने तिघांना सोडलं. कारणं ऐका. मुलीला फियाट आणि अॅम्बेसेडर यातला फरक सांगता येत नाही. केंद्रावर मैत्रिणींना किंवा शिक्षिकांना काही बोलली नाही. तक्रार उशिरा. वर चारित्र्यावर शेरा.

अपील थेट सर्वोच्च न्यायालयात आलं. इथे अडचण नीट समजून घेऊ. वरचं न्यायालय साक्षीदाराला पाहत नाही, त्याच्यापुढे फक्त कागद असतात. शिवाय आरोपी एकदा सुटला की त्याच्या निर्दोषत्वाचं गृहीतक आणखी पक्कं होतं. मग कागद वाचून निकाल फिरवायचा कोणत्या अधिकाराने? आमच्या मते उत्तर असं, की त्या न्यायाधीशांनी मुलीचा चेहरा वाचायचा प्रयत्नच केला नाही, त्यांनी खालच्या न्यायालयाची कारणं तपासली. गाड्यांची नावं खेड्यातल्या मुलीला ठाऊक नसणं यात खोटेपणा कुठला? आधी आईलाच सांगणं स्वाभाविक नाही का? अब्रूच्या भीतीने पंचायतीत गेलेले दिवस म्हणजे उशीर, पण त्याचा खुलासा आहे. कारण कोसळलं की त्यावरची निर्दोष मुक्तताही कोसळते. तिचं सांगणं विश्वासार्ह असेल तर वेगळ्या आधाराची गरज नाही, ती साथीदार नाही, जखमी साक्षीदारासारखी आहे, असं न्यायालयाने म्हटलं. असे खटले बंद दालनात चालवा, असंही बजावलं. शिक्षा झाली ती पाच वर्षांची. अकरा वर्षं उलटून गेली होती, हे त्यातलं एक कारण. आम्हाला ही बाब अजून खटकते.

आता दुसरी बाजू, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. सामूहिक गुन्ह्यात कायदा असा, की समान इराद्याने सामील असलेला प्रत्येक जण दोषी. म्हणून तिच्या एका शब्दावर चौघेही आत जाऊ शकतात, आणि पाचवं नाव चुकून किंवा वैराने घुसलं तर तोही. 2008च्या राजू विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालाने हे स्पष्ट म्हटलं: तिच्या साक्षीला मोठं वजन आहे, पण ती दरवेळी पूर्ण खरीच असते असं गृहीतक नाही, आणि आरोपी अनेक असतील तर अधिक जपायला हवं. 2012 साली दिल्लीच्या एका सामूहिक अत्याचाराच्या प्रकरणात, राय संदीप यांच्या अपिलात, तक्रार आणि न्यायालयातली जबानी जुळत नाही म्हणून आरोपी सुटले. अशा एकट्या साक्षीवर शिक्षा द्यायची तर ती पहिल्या जबानीपासून उलटतपासणीपर्यंत एकसंध हवी, असा निकष त्यात आहे.

म्हणजे नैयायिकांच्या आप्ताला इथे दोन कसोट्या लागतात. साक्ष स्वतःशी जुळते का, ही एक. ती आमच्या कल्पनेतल्या ‘खऱ्या पीडिते’शी जुळते का, ही दुसरी, आणि हीच देसाईगंजपासून न्यायालयं पुन्हा पुन्हा लावत आली. पहिली कसोटी न्यायाची आहे. दुसरी कुठून आली, ते पुढच्या व्याख्यानात 1872च्या पुरावा कायद्यात शोधू.