तळटीप : ‘जलविभाजक’

* जलविभाजक – दोन नद्यांचे पाणी वेगळे करणारी डोंगरधार. लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या खिंडीजवळची लोहगडवाडी अशाच धारेवर आहे. उत्तरेच्या उतारावरचा पाऊस इंद्रायणीला मिळतो, दक्षिणेचा पवनेला. इंद्रायणी तुळापूरला भीमेत जाते. पवना दापोडीजवळ मुळेत शिरून, पुण्याला वळसा घालून, शेवटी त्याच भीमेला भेटते. पुढे कृष्णा आणि बंगालचा उपसागर. अरबी समुद्र इतका जवळ असताना हे पाणी सारा दख्खन ओलांडते, याचे नवल मला आजही वाटते. या नद्यांना बर्फाचा आधार नाही. जून ते सप्टेंबर हाच त्यांचा जन्मकाळ. नैर्ऋत्य वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, गार होतात आणि इथेच रिते होतात. म्हणून लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तर पुण्यात जेमतेम सातशेच्या आसपास. उन्हाळ्यात ओढे कोरडे पडतात. पाणी पूर्वेला वाहण्याला एक अपवाद मात्र वाचकाने ध्यानात ठेवावा : वळवण धरणात अडवलेले इंद्रायणीचे पाणी खोपोलीच्या वीजघरासाठी घाटाखाली सोडले जाते. माणसाने तेवढे पाणी पश्चिमेला वळवले आहे. – संपा.