मोक्षपट आणि मनाचे नवे खेळ

खेळ हा विषय विचाराच्या पंक्तीस बसविण्यास आमचा सुशिक्षित वर्ग अजून मनापासून तयार नाहीं. मुलांनीं खेळावें, मोठ्यांनीं फार तर फुरसतीच्या वेळीं बुद्धिबळाचा डाव मांडावा, एवढीच त्याची पायरी. त्यांतून पडद्यावर खेळले जाणारे आजचे व्हिडिओ गेम म्हणजे तर घरोघरीं चिंतेचा विषय. या खेळांत तत्त्वज्ञानाचे प्रश्न मांडले जातात, फ्रॉइड व युंग यांच्या मनोविश्लेषणाच्या आधारानें त्यांतील पात्रें व प्रसंग रचले जातात, असें कोणीं सांगितल्यास पुष्कळ आईबापांस ती पोरांच्या वतीनें केलेली वकिली वाटेल. परंतु ज्या महाराष्ट्रांत मोक्षपट खेळला गेला, त्यानें तरी या गोष्टीचें आश्चर्य मानण्याचें कारण नाहीं. मनाचे विकार, त्यांचीं फळें आणि त्यांतून सुटण्याची वाट हीं सर्व एका पटावर मांडून तीं कवड्यांच्या दानानें खेळावयास देण्याची कल्पना आम्हांस परकी नव्हती.

परंपरा या कल्पनेचें जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, प्रवरेच्या तीरीं नेवाशास पूर्ण झाली. हें नेवासें आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांत आहे. आणि ज्या खांबास टेकून ज्ञानदेवांनीं गीतेचा अर्थ सांगितला असें मानतात, तो पैस खांब तेथें अजून दाखविला जातो. आख्यायिका अशी कीं, वडील बंधु निवृत्तिनाथ भिक्षेस गेल्यावर मागें राहिलेल्या धाकट्या भावंडांचें मन रमावें म्हणून ज्ञानदेवांनीं मोक्षपट काढला. आईबापांनीं देहान्त प्रायश्चित्त घेतलेलें, गांवानें वाळींत टाकलेलें, आणि घरांतला कर्ता भाऊ दारोदार फिरत असलेला, अशा मुलांचा हा खेळ!

आख्यायिकेस इतिहास म्हणण्याची घाई मात्र करूं नये. आज उपलब्ध असलेले जुने पट बहुतांशीं अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतले आहेत. तेराव्या शतकापर्यंत पोहोंचणारा एकही पट हातीं नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल राहिलेले वा. ल. मंजूळ यांनीं मराठी मोक्षपटांचा शोध घेतला. कोपनहेगन विद्यापीठांत याकोब श्मिट-मॅडसन यांनीं २०१९ सालीं याच खेळावर प्रबंध लिहिला. उत्तर हिंदुस्थानांत या खेळास ज्ञानचौपड म्हणत, आणि वैष्णव, जैन व मुसलमान या तिघांचेहि आपापल्या मतांस अनुसरून रचलेले पट आढळतात. तेव्हां हा खेळ एका व्यक्तीनें एका दिवशीं निर्मिला असें ठामपणें म्हणतां येत नाहीं. परंतु लोकांनीं तो ज्ञानदेवांच्याच नांवें लावावा, आणि तोहि पोरक्या भावंडांच्या प्रसंगीं, यांत लोकमनानें खेळाविषयीं एक मार्मिक गोष्ट सांगून ठेवली आहे. तिच्याकडे आम्ही पुढें वळूं.

आधीं पट पाहूं. ७२ घरांचा एक वैष्णव पट हरीश जोहरी यांनीं १९७५ सालीं इंग्रजींत विवरणासह प्रसिद्ध केला. त्याच्या आरंभीं जन्म, माया, क्रोध, लोभ अशीं घरें ओळीनें येतात. ३७ व्या घरीं ज्ञान आहे. तेथून शिडी निघते ती ६६ व्या घरीं आनंदास पोहोंचते. ५४ वें घर भक्तीचें. तेथून शिडी थेट ६८ व्या घरीं, वैकुंठास, जाते. आणि भक्तीच्या अगदीं शेजारीं, ५५ व्या घरीं, काय असावें? अहंकार! तेथें सापाचें तोंड आहे, आणि शेपूट तिसऱ्या घरीं, क्रोधांत. कवडीचें दान एकानें अधिक पडलें कीं भक्त म्हणविणारा मनुष्य क्रोधाच्या पायथ्याशीं येऊन पडतो. शिवाय वैकुंठाच्या पलीकडे आणखी चार घरें आहेत, आणि त्यांतील शेवटचें तमोगुणाचें. साध्य ओलांडून पुढें गेलेला खेळाडू तेथील सापाच्या तोंडीं सांपडून पुन्हां पृथ्वीवर येतो. ज्यानें हीं घरें मांडलीं, त्यास मनुष्याच्या मनाची पारख होती यांत संशय नाहीं.

परंतु आमच्या मतें पटावरील नांवांहून पटाचा नियम अधिक बोलका आहे. बुद्धिबळांत मोहरें मारलें जातें. पचिशींत सोंगटी मारली कीं ती पुन्हां प्रथमपासून चालूं लागते. मोक्षपटांत कोणी कोणास मारीत नाहीं. सापहि ठार करीत नाहीं. तो खालीं नेतो, आणि वाट पुन्हां चालावयास लावतो. म्हणजे पतन आहे, पण विनाश नाहीं. प्रतिस्पर्धी आहे, पण शत्रु नाहीं. पुनर्जन्माचें तत्त्व व्याख्यानावांचून मुलाच्या बोटांस कळावें, अशी ही योजना आहे. मात्र तींत एक उणीवहि आहे, आणि ती झांकण्यांत अर्थ नाहीं. या खेळांत खेळाडूस निवड अशी नाहींच. दया, ज्ञान, भक्ति हीं घरें कवडीनें लाभतात, आणि क्रोध-लोभहि कवडीनेंच येतात. प्रारब्ध येथें पुरें आहे. पुरुषार्थास जागा नाहीं.

आतां त्या आख्यायिकेकडे वळूं. सिग्मंड फ्रॉइड यांनीं १९२० सालच्या आपल्या एका ग्रंथांत दीड वर्षाच्या एका मुलाचा खेळ वर्णिला आहे. आई कांहीं वेळ बाहेर गेली तरी हें मूल रडत नसे. मात्र दोरी बांधलेलें एक लांकडी रीळ तें पडदा लावलेल्या खाटेआड फेंकी, ‘गेलें’ अशा अर्थाचा उद्गार काढी, आणि दोरी ओढून तें परत आणून आनंदानें ‘आलें’ म्हणे. फ्रॉइड यांचा एक निष्कर्ष असा कीं, जें दुःख मुलास मुकाट्यानें सोसावें लागत होतें, तें खेळांत तें आपल्या हातानें घडवून आणतें, आणि त्यामुळें त्यावर त्याची सत्ता चालते. आमच्या आख्यायिकेंतील भावंडें अशींच कोणाची तरी वाट पाहत बसलेलीं आहेत. पडणें आणि चढणें, जाणें आणि येणें हें त्यांच्या नशिबीं होतें. पटावर तें त्यांच्या हातीं आलें. फ्रॉइडचें शास्त्र आमच्याकडे आधींच होतें असल्या पोकळ अभिमानासाठीं आम्ही हें साम्य दाखवीत नाहीं. खेळ दुःखास हाताळण्याजोगें रूप देतो, ही गोष्ट व्हिएन्नाच्या वैद्यास आणि महाराष्ट्राच्या कथेकऱ्यास स्वतंत्रपणें दिसली, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पट विलायतेस गेला. १८९२ सालीं लंडनच्या एफ. एच. आयर्स यांनीं तेथें अशा एका खेळाची नोंदणी केली. आरंभींच्या इंग्रजी पटांवर उद्योग व काटकसर यांच्या शिड्या आणि आळस व अवज्ञा यांचे साप होते. मोक्षाच्या जागीं ऐहिक यश येऊन बसलें. पुढें तींहि नांवें पुसट झालीं, आणि उरले ते केवळ आंकडे, साप व शिड्या. तोच खेळ छापील पुठ्ठ्याच्या रूपानें आमच्या घरांत परत आला, तेव्हां त्याची ओळख पटण्याजोगी कोणतीहि खूण त्यावर शिल्लक नव्हती. येथें एक धडा मिळतो. तत्त्वज्ञान केवळ पटावर रंगविलेल्या नांवांत असेल, तर रंग उडाला कीं तें गेलें; नियमांत मुरलेलें असेल, तर तें टिकतें. साप अजूनहि ठार करीत नाहीं, खालींच नेतो!

हाच निकष लावून आम्ही आजच्या पडद्यावरील खेळांकडे पाहूं इच्छितों. कित्येकांत तत्त्ववेत्त्यांचीं नांवें व वचनें निव्वळ भरजरी पदरासारखीं वर लावलेलीं असतात. नीत्शेचें ग्रंथनाम मथळ्यास दिलें म्हणून आंतील मारामारी तत्त्वचिंतन ठरत नाहीं. परंतु कांहीं खेळांत विचार नियमांतच उतरला आहे. १९८५ सालीं अमेरिकेंत रिचर्ड गॅरियट यांनीं ‘अल्टिमा’ या मालेचा चौथा खेळ काढला. त्यांत शेवटीं मारावयाचा असा कोणी दुष्ट राक्षसच नाहीं. सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म व विनय हे आठ गुण अंगीं बाणवून ‘अवतार’ व्हावयाचें. हा शब्दहि आमच्याच पुराणांतून उचललेला. एक आंधळी दुकानदारीण खेळाडूच्या प्रामाणिकपणावर विसंबून पैसे घेते. तेथें कोणी कमी दिले तर ती कांहीं बोलत नाहीं, पण यंत्र चित्रगुप्ताप्रमाणें तें मुकाट्यानें टिपून ठेवतें. मोक्षपटांत जी निवड नव्हती, ती येथें आली.

मनोविश्लेषणाचें उदाहरण याहून सूक्ष्म आहे. जपानांत २००१ सालीं निघालेल्या ‘सायलेंट हिल’च्या दुसऱ्या खेळांत एक मनुष्य मृत पत्नीचें पत्र आलें म्हणून धुक्यानें भरलेल्या गांवीं येतो, तिच्या मृत्यूस आपणच कारण आहों हें त्यानें स्वतःपासूनच लपविलेलें असतें. या कथेचे शेवट अनेक, आणि कोणता यावयाचा हें खेळाडूच्या नकळत केलेल्या कृत्यांवर ठरतें. जखमी असतां तो औषध घेण्यास चालढकल करतो काय, एक विशिष्ट सुरा पुन्हां पुन्हां न्याहाळतो काय, पत्नीचें छायाचित्र काढून पाहतो काय, याची नोंद होत असते. आणि स्वतःच्या जिवाविषयीं बेपर्वा असणाऱ्याच्या वांट्यास आत्मनाशाचा शेवट येतो. सहज घडणाऱ्या चुकांतून व लकबींतून मनाचा तळ दिसतो, हें फ्रॉइड यांनीं १९०१ सालीं प्रतिपादिलें होतें. येथें तें सूत्र नियम बनलें आहे. २००८ सालच्या चौथ्या ‘पर्सोना’ खेळांत युंग यांची ‘छाया’ अशीच कामाला लावली आहे. आपली नकोशी बाजू समोर उभी राहिली असतां पात्र ‘तूं मी नव्हेस’ म्हणतें, आणि त्याच क्षणीं ती राक्षसी होते. ‘तूंहि मीच’ असें मान्य केल्यावर तीच बळ देणारी होते.

प्रारब्धाचा प्रश्नहि पुन्हां वर आला आहे. २००७ सालच्या ‘बायोशॉक’ या खेळांत समुद्राच्या तळाशीं एक नगर आहे. आयन रँड यांच्या व्यक्तिस्वातंत्र्याच्या मताचें तें अतिरेकी रूप आहे. खेळाडूस दुरून एक आवाज ‘कृपा करून’ अशा आर्जवानें कामें सांगतो, आणि तो तीं करीत जातो. पुढें उलगडतें कीं ते शब्द म्हणजेच त्याच्या मनावर घातलेला लगाम होता. स्वतंत्र म्हणवून घेणारा मनुष्य कवडीच्याच हुकमानें चालत होता, हें कळल्यावर बसणारा धक्का पुस्तक वाचून तसा बसत नाहीं. कारण आज्ञा पाळणारा हात आपलाच असतो.

यावरून सर्व व्हिडिओ गेम थोर आहेत असें कोणीं समजूं नये. पुष्कळ खेळांचा नियम एकच गोष्ट शिकवितो: आणखी एकदां, आणखी थोडे पैसे. पैसे घेऊन बंद पेटी द्यावयाची आणि आंत काय निघेल तें दैवावर सोडावयाचें, ही तर मोक्ष काढून घेतलेली कवडी होय. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा भारताच्या संसदेस २०२५ सालीं करावा लागला, त्यामागें अनेक कुटुंबांची धूळधाण आहे. म्हणूनच आईबापांनीं खेळ किती वेळ चालला एवढेंच घड्याळांत पाहून भागणार नाहीं. पोराशेजारीं घटकाभर बसून त्यांनीं पाहावें कीं, हा खेळ काय करावयास लावतो, कशास बक्षीस देतो, पडलेल्यास पुन्हां उठूं देतो कीं नाहीं. नांवें व चित्रें फसवितील. नियम फसवीत नाहीं.

पुण्याच्या एका संस्थेनें २०२० सालीं ‘राजी’ नांवाचा खेळ काढला. आपल्या हरवलेल्या धाकट्या भावास शोधीत निघालेल्या मुलीची ती कथा, आणि तिची पार्श्वभूमि पुराणांची आहे. आमच्या देशांत हें कसब आलें आहे याचें तें उत्तम चिन्ह. परंतु भक्तीच्या शेजारीं अहंकाराचें घर मांडणारी दृष्टि त्या कसबास जोडली जाईल, तेव्हां मोक्षपटाचें ऋण फिटण्यास खरा आरंभ होईल. प्रवरेच्या कांठीं गीता मराठींत आली, ती ज्यांस संस्कृत येत नव्हतें त्यांच्यासाठीं. ज्यांच्या हातीं आज पुस्तकाआधीं पडदा येतो, त्या मुलांसाठीं विचारानें पटावर उतरण्यांत कमीपणा कसला?