फ्युएल रेल व इंजेक्टर : जोडणी

पेट्रोल इंजिनात पंपाकडून आलेले इंधन सर्व इंजेक्टरांना सारख्या दाबाने पुरवणारी नळी म्हणजे फ्युएल रेल. इंजेक्टर ही विजेवर उघडझाप करणारी झडप असून तिचे वरचे टोक रेलमध्ये, तर खालचे इनटेक मॅनिफोल्डमध्ये बसते. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन मोठ्या उत्पादनात प्रथम आले ते १९६७ साली, बॉशच्या डी-जेट्रॉनिक प्रणालीच्या रूपाने, फोक्सवॅगन १६०० मोटारीत. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर दुचाकींमधूनही कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला.

जोडणीपूर्वी इंधनाचा दाब उतरवून बॅटरीची ऋण तार सोडवतात. खरी मेख आहे ती इंजेक्टरच्या दोन्ही टोकांवरील रबरी ओ-रिंगांत. जुन्या रिंगा पुन्हा वापरणे ही खोटी काटकसर होय. नव्या रिंगांना स्वच्छ इंजिन ऑइलचा हलका हात देऊन इंजेक्टर सरळ दाबावा. तिरका शिरला की रिंग चिरते आणि ते बाहेरून दिसत नाही. खालची चिरल्यास हवा आत शिरून इंजिन मंद गतीला अडखळते. वरची चिरल्यास तापल्या इंजिनावर पेट्रोल झिरपते, आणि आगीचा धोका तिथेच असतो. बसलेला इंजेक्टर बोटांनी थोडा फिरला पाहिजे. मग रेलचे बोल्ट आळीपाळीने आवळतात.

शेवटी इंजिन सुरू न करता चावी दोन-तीनदा फिरवून पंपाला दाब, बहुधा ३ बारच्या आसपास, भरू देतात व गळती पाहतात. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या इंजिनांत हाच दाब १०० बारपुढे जातो. तेथील टेफ्लॉनच्या सीलना बहुधा तेल लावत नाहीत.